भारोभार गूळ

मेघाली जन्मली तेव्हा तिच्या आजीने, शालूने, तिला पहिल्यांदा पाहिलं ते काचेच्या पेटीत. आठव्याच महिन्यात आलेली पोर, वजन किलोच्या जेमतेम वर. घरट्यातून पडलेलं बुलबुलाचं पिल्लू असावं तशी. शालू बोईसरच्या त्या दवाखान्यातून तडक निघाली, खारवाड्याच्या वेशीवर रिक्षा थांबवली, चपला हातात घेतल्या आणि खारजाईच्या पायरीवर डोकं टेकलं.

"आई, हिला जगव. तेरावं वर्ष सरायच्या आत हिच्या भारोभार गूळ तोलीन तुझ्यापुढे."

देवळात तेव्हा चार माणसं बसली होती. दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

खारवाडे म्हणजे पाम गाव ओलांडून समुद्राकडे गेलं की लागणारं लहानसं गाव. चिकूच्या वाड्या, नारळ, मागे भरतीचं पाणी शिरणारं खाजण. एके काळी खाजणात मिठागर होतं. ते बंद पडलं तेव्हा मीठ तोलायचा भला थोरला लाकडी काटा कुणी तरी देवीला वाहिला, आणि तेव्हापासून नवसाच्या माणसाची त्यात तुला करायची रीत पडली. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात नवसाची वस्तू. वस्तूचं पारडं भुईला टेकलं पाहिजे, माणसाचं वर गेलं पाहिजे. मग गुरवाने आरती म्हणायची. माणूस खाली उतरलं, त्याचे पाय भुईला लागले, की तुला पुरी. त्याआधी प्रसादाला हात लावायचा नाही आणि गुरवानेही पाणी प्यायचं नाही.

शालू लहान असताना तिच्या धाकट्या भावाची तुला मिठाने झाली होती. त्या काळी नवसाची पोरं हलकीच असत. भाऊ इतका कमी भरला की घरटी चिमूट-चिमूट मीठ वाट्याला आलं. कुणी तक्रार केली नाही. ते मीठ लोकांनी आंब्याच्या लोणच्यात घातलं आणि लोणचं वर्षभर टिकलं ते देवीमुळे, असं म्हणत राहिले.

गुळाचा नवस मात्र गावात पहिलाच; पोर जितकी भरेल तितका घरटी वाटा मोठा. आणि इथेच सगळी गडबड झाली.

मेघाली जगली. जगली ती शालूच्या हट्टाने. तासातासाला चमचाभर दूध, मग नाचणीचं सत्त्व, मग मऊ भात आणि त्यावर तूप. पोरीने तोंड फिरवलं की शालूच्या डोळ्यांपुढे ती पेटी यायची. पोरीने आ केला की जीव खाली पडायचा. पोर पाच वर्षांची झाली, गुटगुटीत दिसू लागली, तरी शालूला ती पिल्लूच दिसे. भरवणं थांबवायचं कधी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने कुणाला विचारलंही नव्हतं.

गावाने तर थांबवूच दिलं नाही. देवस्थानच्या कमिटीचा अध्यक्ष बळवंत हा शालूचा चुलत दीर. तारापूरच्या एका कारखान्यात तो प्लॅनिंगला होता, आता निवृत्त. प्लॅनिंग मात्र निवृत्त झालं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला तो ओट्यावर येऊन बसे आणि वाडीतल्या पिकाची चौकशी करावी तसं विचारी, "काय वहिनी, नात कितीवर आली?"

"चवळीची शेंग होती, आता काकडी झाली," शालू अभिमानाने सांगायची.

"काकडीवर नका थांबू. भोपळ्यापर्यंत न्या."

पोर दारावरून चालली की शेजारची पारू हाक मारणारच. "मेघे, ये गो. दोन घावन खाऊन जा. देवीचं माणूस तू, उपाशी नको जाऊस." पुढच्या घरी रव्याची गोड रवळी, त्याच्या पुढच्या घरी केळ्याचे तळलेले उंबर. बायका तिचा दंड असा दाबून बघायच्या जसा चिकू दाबून बघतात, पिकलाय की अजून दोन दिवस गवतात ठेवायचा. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पंचाईत ती हीच. वाईट असतं तर शालूने केरसुणी उचलली असती.

हलायचं म्हणावं तर पोर हलायची कुठे? शालू तिच्या वयाची असताना पडवळाचा भारा डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारापर्यंत चालत जायची, वाळूच्या रस्त्याने, आणि येताना परत धावत. आता त्या रस्त्यावरून रसायनांचे टँकर धावतात, म्हणून शाळेला देवूची रिक्षा. शाळेतून आली की क्लास. क्लासच्या बाहेर वडापावची गाडी, आणि तिला जोडून एक दुकान, ज्यात दोरीला पिवळ्या-लाल पाकिटांच्या माळा. घरी आली की अभ्यास, अभ्यास झाला की मोबाइल, आणि मोबाइल उशीखाली जाईपर्यंत कोंबडा आरवायची वेळ. मुलगा धीरज आणि सून स्नेहा दोघंही नोकरीवाले. दमून घरी येत, येताना काहीतरी चमचमीत बांधून आणत. देवळामागच्या पटांगणात पूर्वी पोरं आट्यापाट्या खेळायची. तिथे कमिटीने मंडपाचे खांब आणि जत्रेची भांडी ठेवायला पत्र्याची शेड बांधून कुलूप लावलं होतं.

मेघालीचं बारावं सरत आलं तेव्हा बळवंतरावाने कागदावर आलेख काढला. खाली वर्षं, बाजूला किलो, आणि मधून वर चढत जाणारी रेघ. ती रेघ त्याने पुढल्या चैत्राच्या जत्रेपर्यंत ओढली, वाटेत लागणारी दिवाळी आणि मामाकडची सुट्टी धरली, आणि रेघ जिथे पोचली तिथला आकडा दोनदा तपासला. मग त्याने दोन कामं केली. कोल्हापूरकडून दहा-दहा किलोच्या तेरा ढेपा सांगून ठेवल्या. आणि देवळाच्या मंडपात काटा टांगायला जुनं सागवानी आढं होतं, त्याच्याखाली सरावलीच्या एका कारागिराकडून लोखंडी गर्डर बसवून घेतला. कारागिराने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारला आणि शालूला दिलासा दिला, "माताजी, टेन्शन नहीं. हाथी भी बैठेगा तो नहीं टूटेगा."

मेघाली तिथेच उभी होती. दुसऱ्याच दिवशी तिने शाळेच्या नाचातून नाव काढून घेतलं.

हे शालूच्या लक्षात आलं नाही. तिच्या लक्षात आली ती पोरीची मान. मानेच्या मागे काळपट, जाडसर पट्टा उमटला होता, काळी मखमल चिकटवावी तसा. शालूने बेसन घेतलं, लिंबू पिळलं, नारळाचा काथ्या घेतला आणि दर रविवारी पोरीला मोरीत बसवून घासायला सुरुवात केली.

"आई गं! आजी, माझी मान आहे ती, पातेलं नाही!"

"मळ साचलाय नुसता. एवढी मोठी घोडी झालीस, मान धुता येत नाय?"

पट्टा जाईना. शालू जास्त जोर लावी. बेसन संपे, पट्टा तसाच.

दिवाळीनंतर स्नेहानेच विषय काढला. पोर पुस्तकावर झोपी जाते, रात्री घोरते, जिना चढली की धापा टाकते, पाळी आली तर येते नाही तर तीन-तीन महिने नाही. स्नेहा तिला पालघरला मुलांच्या डॉक्टर दीपिकांकडे घेऊन गेली. शालूही हट्टाने गेली. पेटीतून पोर बाहेर काढली होती ती तिने; दवाखान्यात तिच्याशिवाय जायचं म्हणजे काय?

डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं, उंची बघितली, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे कागद बघितले. मग मेघालीला मान खाली घालायला सांगितली.

शालू लाजून घाईघाईने म्हणाली, "डॉक्टर, मी घासतंय हो दर रविवारी. बेसन लावून. जातच नाय मेला मळ."

"आजी, हा मळ नाही." डॉक्टरांनी त्या पट्ट्यावरून अलगद बोट फिरवलं. "आत साखर सांभाळणारं इन्सुलिन आहे ना, त्याला शरीर दाद देईनासं झालंय. म्हणून शरीर ते जास्त-जास्त बनवतंय, आणि त्याची खूण अशी कातडीवर येते. वरून घासून कशी जाईल? आतून कमी व्हायला हवं."

शालूने काथ्या धरायचा तो हात पदराखाली घेतला.

"साखर काठावर आहे. लिव्हरवर चरबी दिसतेय. रक्तदाब या वयाला नको तितका आहे. आज हिला काही दुखत नाही, म्हणून कुणी घाबरत नाही. पण असंच चाललं तर पंचविशीच्या आतबाहेर मधुमेह, मग गुडघे, मग हृदय. पाळीचा त्रास तर आताच सुरू झालाय. आणि जन्मतः फार लहान असलेली मुलं भराभर जाड झाली की त्यांना हे जास्तच लवकर गाठतं."

"म्हणजे बारीक होती तेव्हाही आजारी, आणि भरली तरी आजारीच?" शालूने विचारलं. "मग मी करायचं तरी काय होतं?"

"तुम्ही तिला जगवलंत आजी. ते खरंच. आणि दोष काही एकट्या तुमचा नाही. रस्ता, क्लास, मोबाइल, जागरणं, ती पाकिटं, सगळ्यांचा वाटा आहे. उपाशी ठेवायचं नाही, हं. ती उंच होतेय अजून. वजन आहे तिथे राहिलं तरी निम्मं काम झालं. ताटातली भाजी वाढवा, घराबाहेरचं गोडधोड बंद करा, वेळेवर झोपवा, आणि रोज तासभर चालू दे, खेळू दे."

परतताना बोईसर मागे पडल्यावर शालू म्हणाली, "स्नेहा, चैत्रापर्यंत गावात हे कुणाला सांगू नकोस."

पण पारूने घावन पुढे केलं आणि मेघालीने "नको काकू" म्हटलं, त्याच दिवशी गावाला वास लागला. दुसऱ्या दिवशी बळवंतराव दोन कमिटीवाल्यांना घेऊन ओट्यावर.

"वहिनी, पोर खात नाय म्हणे?"

"खाते. जरा बेतानं खाते. डॉक्टरांनी सांगितलंय, वजन उतरायला पाहिजे."

बळवंतरावाने कपाळाला हात लावला. "उतरायला? वहिनी, नवस बोललेलं माणूस देवीचं. देवीच्या वस्तूतलं किलोभर जरी परस्पर कमी केलं तर त्याला काय म्हणतात?"

"काय म्हणतात?"

"मी सांगायला पाहिजे? देवळातली घंटा कुणी थोडी-थोडी किसून घरी नेली तर चालेल तुमाला?"

शालूला खारजाईची भीती वाटत होती आणि आता मेघालीच्या पंचविशीचीही. बळवंतराव नरम आवाजात पुढे म्हणाला, "जत्रेपर्यंत राहू द्या. चैत्रानंतर पाहिजे तेवढी वाळवा पोरीला. बोंबलासारखी वाळवा. माझं काही म्हणणं नाय."

शालूने मान हलवली ती होकाराची होती, असं कमिटीने धरलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि मेघाली समुद्राच्या वाटेने चालायला निघाल्या. नवस देवीशी होता, बळवंतशी नव्हता, एवढं तिने पक्कं ठरवलं होतं.

कमिटीने तातडीची बैठक घेतली आणि देवू रिक्षावाल्यावर कामगिरी सोपवली. तिसऱ्या दिवसापासून शालू-मेघाली चालत, आणि त्यांच्या मागून, त्यांच्याच चालीने, देवूची रिकामी रिक्षा. फट-फट-फट. मागच्या सीटवर फरसाणाची पिशवी तोंड उघडून ठेवलेली.

"शालूकाकी, बसा ना. भाडं नाय घेणार."

"तुला धंदा नाय का रे देवू?"

"हाच धंदा हाय सध्या. देवीचं काम." तो केविलवाणा होऊन म्हणायचा. "मेघाली, दोन शेवा तरी घे गं. मला अध्यक्षांना सांगायला लागतं."

"तूच खा," मेघाली म्हणायची.

मग देवू खायचा. माघ लागेपर्यंत त्याची पँट घट्ट झाली आणि रिक्षा चढावर कुरकुरू लागली.

त्या चालण्यात शालूला पोर पहिल्यांदाच नीट भेटली. शालू तिला जुन्या वाटा दाखवायची. इथे अणुशक्ती केंद्राची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा सगळं गाव बघायला उभं होतं. इथे मिठाचे ढीग असायचे, चांदण्यासारखे. या ताडाखाली आमी दुपारी ताडगोळे खायचो आणि लगेच पोहायला पडायचो. मेघाली ऐकायची. एकदा मध्येच थांबून म्हणाली, "आजी, मी खाल्लं नाही तर गाव रागावतं. खाल्लं तर शाळा हसते. ढेप म्हणतात मला. ढेप आली, ढेप गेली. मी काय करू ते मला एकदा कुणीतरी सांगा."

शालू जरा जोरात चालू लागली, आणि मेघाली तिच्या बरोबरीने.

चैत्राची जत्रा आली. तेरा ढेपा टेम्पोतून उतरल्या. मंडपात गर्डरला काटा टांगला, पारड्यांना झेंडूच्या माळा बांधल्या. सगळं गाव डबे घेऊन आलं होतं; डबे देवीला दिसू नयेत म्हणून पदराखाली. मेघाली नवा परकर-पोलका घालून पारड्यात बसली. समोरच्या पारड्यात एक-एक ढेप चढू लागली. सात ढेपा चढल्या, आठवी चढली, आणि मेघालीचं पारडं वर गेलं.

आठवीलाच. पाच ढेपा खाली शिल्लक. गर्दीतून असा सुस्कारा आला जसा भरती ऐन रंगात असताना पाणी मागे फिरल्यावर कोळीवाड्यातून येतो.

"तूट आली," बळवंतराव म्हणाला. आलेखाचा कागद त्याच्या खिशातून डोकावत होता. "आलेखाप्रमाणे तेरा पाहिजे होत्या."

"मग पाच परत पाठवा," शालू म्हणाली.

"देवीच्या नावाने आणलेला गूळ परत? वहिनी, शुभ बोला." कमिटीने तिथेच कोपऱ्यात डोकी एकत्र केली. थोड्या वेळाने निकाल लागला. घरच्या माणसाने केलेली तूट घरच्याच माणसाने भरून काढायची. त्याच रक्ताचं कुणीतरी पोरीबरोबर पारड्यात बसावं.

धीरज पुढे सरसावला. त्याच्याकडे एक नजर टाकून गुरव पुटपुटला, "याला तेरा पुरायच्या नाहीत, आणखी गूळ कुठून आणणार?" तेव्हा शालूने नऊवारीचा काष्टा घट्ट केला. ती सुकटीसारखी. पाट ठेवला, दोघांनी हात दिले आणि ती नातीला खेटून पारड्यात बसली.

उरलेल्या ढेपा चढल्या. नववी, दहावी, अकरावी. बारावीला पारडं डळमळलं. तेरावीला गुळाचं पारडं धाडकन भुईला टेकलं आणि आजी-नात अशा वर गेल्या की मेघालीने "आजी!" म्हणून तिचा दंड धरला. गर्डर हलला नाही. बळवंतरावाचा आलेख जणू या दोघींना धरूनच काढला होता. टाळ्या झाल्या, आरती सुरू झाली. "खारजाई माते" म्हणून गुरवाने शेवटची ओळ ओढली आणि सगळ्या गावाने देवीपुढे माना वाकवल्या.

शालू माणसांच्या डोक्यांच्या वर होती. आयुष्यात इतक्या उंचावरून तिने गाव कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या रांगांत पोरं बसली होती, सगळी माना खाली घालून, हात जोडून. आणि त्या मानांवर, एका मानेवर, मग तिच्या शेजारच्या, मग तिच्या मागच्या, तोच पट्टा. काळा, जाडसर, मखमलीसारखा. पारूची हिमानी. बळवंतचा नातू हर्षित. देवूचा धाकटा. मोजता येईनात इतक्या नव्हेत, पण मोजायला नको वाटावं इतक्या.

"उतरा वहिनी," बळवंतराव पाट घेऊन आला.

"बळवंता," शालू वरून म्हणाली, "तुझ्या हर्षितच्या मानेवर मळ साचलाय. पुस बरं."

बळवंतराव ओशाळला. देवीच्या दारात असं बोलणं! त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, तोंडाने ओलं केलं आणि हर्षितची मान पुसली. पुन्हा पुसली. मग घासली.

"आजोबा, दुखतंय!"

"हिमानीच्या पण हाय, पारू. देवू, तुझ्या पोराच्या बघ."

मग मंडपात असं दृश्य सुरू झालं जे खारवाड्याने कधी पाहिलं नव्हतं. आया पदर ओले करून पोरांच्या माना घासू लागल्या. कुणी नारळाचं पाणी घेतलं, कुणी अंगाऱ्याचं. एकीने तर समईतलं तेल लावून पाहिलं. पोरं ओरडत होती, ढोलवाल्याला वाटलं कार्यक्रमच असेल म्हणून तो ढोल बडवू लागला, आणि वर पारड्यात आजी आणि नात हळूहळू गोल फिरत होत्या.

घासून-घासून हात थांबले. ढोलही थांबला.

"जात नाय ना?" शालू म्हणाली. "मीपण दर रविवारी घासली हिची मान, काथ्यानं. रडवली पोरीला. तो मळ नाय. पालघरच्या डॉक्टरीणबाई सांगतात, ती आतली खूण हाय. आत साखर बिघडतेय त्याची. एवढीशी पोरं ही. पंचविशीला मधुमेह, मग गुडघे, मग काळीज. मी हिला पेटीतून काढून तिथवर भरवत आणली. तुमी सगळ्यांनी हात लावलात. आणि तुमच्या घरात तर नवससुद्धा नव्हता."

पारूने हिमानीची मान पदराने झाकली, थंडी वाजत असावी तशी.

शेवटी बळवंतराव घसा खाकरून म्हणाला, "खरं हाय वहिनी. बघू. उद्या बैठक घेऊ. आता खाली उतरा, प्रसाद खोळंबलाय."

"हा गूळ घराघरात जाणार असेल तर मी उतरत नाय."

"म्हणजे?"

"पाय भुईला लागत नाय तोवर तुला पुरी नाय. रीत तुमचीच. मेघे, बसतेस ना गं माझ्याबरोबर?"

मेघालीने पाय वर घेऊन मांडी घातली. "मला काही घाई नाही," ती म्हणाली. गावाने तिला इतकं मोठ्याने बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

बळवंतरावाने विनवलं. धीरजने विनवलं. कमिटीवाल्यांनी गुळाची एक ढेप काढून पारडं खाली आणायचं ठरवलं, पण तुला अर्धी असताना गुळाला हात लावायला कुणीच पुढे येईना. ऊन चढलं. डबे पदराखालून बाहेर आले आणि रिकामे-रिकामे वाजू लागले. आणि सकाळपासून निर्जळी असलेला गुरव खांबाला टेकून बसला होता तो एकदम ओरडला, "अहो अध्यक्ष, त्या म्हातारीला काय पाहिजे ते देऊन टाका! मला पाणी पिऊ दे!"

"वहिनी, बोला. गुळाचं करायचं काय? समुद्रात टाकू?"

आता शालूला विचार करावा लागला. नको म्हणणं सोपं होतं. तिने वरून इकडे-तिकडे पाहिलं. देवळाच्या मागे, शेडच्या पलीकडे, तिला देवीची वाडी दिसली. पाण्यावाचून, खतावाचून पिवळी पडलेली चिकूची झाडं. तिच्या लहानपणी त्या झाडांच्या फांद्या फळांनी भुईला टेकायच्या.

"जीवामृत करा," ती म्हणाली. "शेण, गोमूत्र, बेसन, माती आणि हा गूळ. झाडांच्या मुळाशी घाला."

"देवीचा गूळ झाडांना?"

"झाडं कुणाची हायत?"

बळवंतरावाने देवीकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, गुरवाकडे पाहिलं.

"बेसन माझ्याकडे उरलंय बरंच," शालू म्हणाली. "मानेसाठी आणलेलं. तेपण न्या. आणि शेडचं कुलूप काढा. पिंपं ठेवायला जागा लागेल, आणि पोरांना बादल्या घेऊन जायला वाट. पाणी पोरं घालतील. मोटार नाय लावायची."

"एवढं सगळं?"

"मी काय, बसलेय."

दुपारी खारजाईच्या मंडपात आजीचे आणि नातीचे पाय भुईला लागले. गुरवाने पहिला तांब्या उभ्यानेच संपवला.

मंडपाचे खांब आणि भांडी शाळेच्या पडवीत गेली. पटांगण मोकळं झालं. पिंपातलं ते शेणागुळाचं काळं पाणी ढवळायला पोरं नाक धरून आली, आणि पहिल्या आठवड्यात निम्मी पळून गेली. उरलेल्यांत हर्षित होता, कारण बळवंतराव काठी घेऊन मागे उभा असे. हिमानी होती, कारण मेघाली होती. बादल्या भरायच्या, विहिरीपासून झाडापर्यंत न्यायच्या, हिंदकळलं तर शिव्या खायच्या, आणि संपलं की त्याच पटांगणात अंधार पडेपर्यंत लंगडी. तेरा ढेपा संपायला खूप दिवस लागणार होते. देवूची रिक्षा शेण वाहू लागली. फरसाणाची सवय सुटायला त्याला मात्र वेळ लागला.

बळवंतरावाने नवा आलेख काढला. खाली महिने, बाजूला झाडांची पालवी. रेघ वर चढवताना तो आता जरा जपून असे.

गाव काही एका दिवसात बदललं नाही. पारू अजून हाक मारते, "मेघे, ये गो." पण हातात घावनाबरोबर काकडीही असते, आणि दोन्हींकडे संशयाने बघत ती स्वतःच विचारते, "यातलं चालतं कोणतं?" ढेप म्हणणारी पोरं अजून ढेप म्हणतात. मेघाली सांगते, "ढेप झाडांना घातली." गणपतीच्या सुमारास ती पुन्हा पालघरला जाऊन आली. वजन थोडं उतरलं होतं, उंची वाढली होती, साखर काठावरून एक पाऊल मागे सरली होती. डॉक्टर म्हणाल्या, हे वर्षानुवर्षं सांभाळायचं काम आहे, जत्रा नव्हे.

त्या रविवारी शालूने विसरून जुन्याच सवयीने मोरीत पाट मांडला, काथ्या भिजवला आणि पोरीची मान पुढे वाकवली. पट्टा होता. कदाचित किंचित फिका, कदाचित शालूच्या डोळ्यांना तसं वाटत होतं.

"आजी," मेघाली खालूनच म्हणाली, "पातेलं नाहीये."

शालूने तिच्या मानेवरून नुसतंच कोमट पाणी ओतलं, हळू, आणि काथ्या घेऊन दारात पडलेली जीवामृताची बादली घासायला बसली.